लष्करी कायद्याखालील सोलापूर

केडगावच्या स्थानकावरून दौंडकडे निघालेली आगगाडी पुढे सोलापुरास पोहोचते. कायद्याच्या जागी नुसता हुकूम आला म्हणजे काय होते, हे कापडगिरण्यांच्या या शहराने 1930 साली अनुभवले.

त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी महात्मा गांधींना अटक झाली आणि सोलापुरात लोकक्षोभ उसळला. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. संतप्त जमावाने पोलीस चौक्या जाळल्या. काही पोलीसही मारले गेले. 12 मे रोजी सरकारने शहर लष्कराच्या स्वाधीन केले. मग गांधी टोपी घालणे हादेखील अपराध ठरला. राष्ट्रध्वज हाती घेणाऱ्यास तुरुंगात जावे लागे. हा अंमल जूनअखेरपर्यंत चालला.

राज्य तेव्हा परकीयांचेच होते, हे खरे. तरीही शहरात लोकांनी निवडलेली नगरपालिका होती, न्यायालये होती, वृत्तपत्रे होती. अन्याय झाला, तर दाद मागावयास कोठेतरी जागा होती. लष्करी अंमलात हुकूम काढणारा, पकडणारा आणि शिक्षा देणारा, सारे एकाच गोटातले. टोपीवाल्याने गाऱ्हाणे सांगावे तरी कोणाला?

यात सैनिकाच्या पेशाला नावे ठेवण्याचे कारण नाही. रणांगणावर 'का?' असे विचारत बसणारा सैनिक काय कामाचा? राज्यकारभारात मात्र हाच प्रश्न नागरिकाने विचारावयाचा असतो.

थोडे दिवस लष्कराचा अंमल आला, तर शिस्त लागेल, असे पुष्कळांना वाटते. शेजारच्या पाकिस्तानात अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी 7 ऑक्टोबर 1958 रोजी देशाचे संविधान रद्द केले आणि लष्करी कायद्याचा कारभार सेनापती अयूबखान यांच्या हाती दिला. पुरते तीन आठवडेही झाले नाहीत, तोच 27 ऑक्टोबरला अयूबखानांनी मिर्झांनाच पदावरून दूर केले. ज्या संविधानाच्या आधारे मिर्झांनी दाद मागावी, ते त्यांनी स्वतःच मोडीत काढले होते!

भारताचे संविधान 26 जानेवारी 1950 पासून अंमलात आले. त्याने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे ठेवले, आणि तेही कायद्यानुसारच चालवावे असे सांगितले. कोणास अटक झाली, तर तिचे कारण त्याला कळवावे लागते आणि सर्वसाधारणपणे 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते.