विश्लेषण : स्कॅनर म्हणतो ‘इंजिन माउंट’, पण बिघाड तारेत तर नाही?

सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरते, डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि गॅरेजमधला स्कॅनर ‘इंजिन माउंट’ असे दाखवतो. मग सल्ला मिळतो : माउंट बदला. मात्र विजेवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह माउंट साध्या रबरी माउंटपेक्षा कितीतरी महाग असते. शिवाय दोष तारेत असेल, तर नवे माउंट बसवूनही दिवा पुन्हा लागतोच. मग नेमका बिघाड शोधायचा कसा?

अ‍ॅक्टिव्ह माउंट म्हणजे काय?

गॅरेजमध्ये ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात, तोच हा इंजिनाचा आधार. यातील काही प्रकारांत आत विजेची कॉइल असते. तिला प्रवाह मिळाला की माउंट इंजिनाच्या कंपनाच्या उलट दिशेने हलते आणि दोन्ही कंपने एकमेकांना खोडतात. होंडाने २००५च्या ओडिसीत अशी माउंट वापरली. तिच्या व्ही-६ इंजिनात कमी भार असताना तीन सिलिंडर बंद होतात. २००० आरपीएमला सहा सिलिंडरमध्ये सेकंदाला १०० वेळा इंधन पेटते, तीनमध्ये फक्त ५० वेळा. म्हणजेच धक्के कमी, पण जास्त जाणवणारे. ते प्रवाशांपर्यंत पोहोचू नयेत, हे माउंटचे काम.

कोड काय सांगतो?

पी०ए१४, पी०ए१५ आणि पी०ए१६ हे कोड माउंटच्या सर्किटबद्दल आहेत. सर्किटमध्ये फ्यूज, तारा, कनेक्टर, कॉइल, अर्थिंग आणि ईसीयू असे सगळेच येते. यातला कोणता भाग बिघडला, हे कोड सांगत नाही. गिअर टाकताना ‘धडक’ असा आवाज येत असेल किंवा माउंटमधून द्रव गळत असेल, तर दोष यांत्रिक असण्याची शक्यता जास्त.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

१. आधी बॅटरी आणि फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर जास्त अँपिअरचा टाकू नये. तो का उडाला ते शोधावे.

२. इंजिन बंद करून कनेक्टर पाहावा. पिनवर हिरवट गंज, आत शिरलेले ऑइल किंवा पाणी, उंदरांनी कुरतडलेली तार, इतके नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

३. कनेक्टर काढून मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजावा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करावा. ‘ओएल’ आले तर कॉइल तुटलेली, जवळपास शून्य आले तर शॉर्ट. योग्य आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. कॉइल आणि माउंटचा धातू यांच्यात जोड दिसता कामा नये.

४. दोष फक्त गरम इंजिनात येत असेल तर गरम असतानाही मोजावे. तांब्याचा रेझिस्टन्स २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत जाताना सुमारे ३० टक्के वाढतो, तेवढा फरक स्वाभाविक आहे.

५. आता तारा. इथे मीटर फसवू शकतो. दहापैकी एकच धागा शिल्लक असलेली तारही कनेक्टर काढलेला असताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. समजा गंजलेल्या जोडात १ ओहम रेझिस्टन्स आहे आणि प्रवाह ४ अँपिअरचा आहे, तर ४ व्होल्ट तिथेच जिरतात. म्हणून सर्किट चालू असताना व्होल्टेजची घट मोजावी. ती अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर तार किंवा जोड संशयास्पद.

६. शेवटी स्कॅनरमधून माउंट चालू-बंद करून पाहावे. ही सोय सगळ्याच स्कॅनरमध्ये नसते. आज्ञा देऊनही थरथर बदलत नसेल आणि कॉइल व तारा ठीक असतील, तरच ईसीयूकडे वळावे.

काळजी काय घ्यावी?

ईसीयूकडून येणाऱ्या तारेला टेस्ट लॅम्प लावू नये, ईसीयूचे नुकसान होऊ शकते. हायब्रिड गाडीतील केशरी तारांना हात लावू नये. इंजिन चालू असताना हात बेल्ट आणि पंख्यापासून दूर ठेवावेत.

ग्राहकाने काय विचारावे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. कॉइलचा रेझिस्टन्स किती आला? मॅन्युअलमध्ये किती हवा? चालू सर्किटमध्ये व्होल्टेज किती घटले? हे आकडे सांगता येत नसतील, तर नव्या माउंटची ऑर्डर थांबवलेली बरी.