उकिरडा आणि विहीर

शेणाने सारवलेले अंगण, दारची गाय आणि परसातील विहीर ही आपल्या गोमंतकातील जुन्या घराची तीन लक्षणे होत. शेणाला घाण म्हणावयास आपली जीभ सहसा धजत नाही, आणि ते योग्यच आहे. आमच्या कोंकणीत खताला ‘सारें’ म्हणतात. साऱ्याचा ढीग पाहून शेतकऱ्याची ऐपत ओळखावी. तेव्हा शेण चांगले की वाईट, हा प्रश्नच नव्हे. ते कोठे साठविले आहे, हा प्रश्न आहे.

गुरांना पाजावयास व गोठा धुवावयास पाणी लागते, म्हणून गोठा विहिरीजवळ बांधला जातो. शेण लांब वाहून नेण्याचे श्रम नकोत, म्हणून उकिरडा गोठ्यालगत येतो. अशा रीतीने, कोणाच्याही मनात तसे नसताना, उकिरडा विहिरीच्या शेजारी येऊन बसतो. उन्हाळ्यात तो निरुपद्रवी दिसतो. पण विद्यार्थ्यांनी थोडे गणित करून पाहावे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद अशा उघड्या उकिरड्यावर या हिशेबाने जवळजवळ १२ हजार लिटर पाणी कोसळते. एक गाय दिवसाला १० किलोच्या आसपास शेण टाकते, मूत्र निराळेच. हे सर्व धुऊन निघालेले काळपट पाणी जाणार कोठे? काही उताराने ओहोळाला मिळते, आणि उरलेले जमिनीत मुरते.

आणि आपल्याकडील पुष्कळशी जमीन जांभ्याची! चिरे काढण्याची खाण ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की, या दगडात मधाच्या पोळ्याप्रमाणे छिद्रे व नळ्या असतात. बारीक मातीच्या थरातून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे ते या नळ्यांतून धावताना गाळले जात नाही. दोनचार मोठ्या सरींत विहीर भरली की आपणांस आनंद होतो. परंतु जे पाणी इतक्या घाईने आले, ते गाळून आलेले नसते. ते डोळ्यांना नितळ दिसते, हा काही त्याच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे.

“आमच्या आजोबांपासून हेच पाणी पीत आलो,” असे कोणी म्हणेल. त्याने वॉकर्टनची हकिगत ऐकावी. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे काही दिवस मुसळधार पाऊस झाला. गावाला पाणी पुरविणाऱ्या एका उथळ विहिरीजवळच्या शेतात गुरांचे खत घातलेले होते. त्यातील ई. कोलाय जातीचे घातक जंतू भेगाळ खडकातून विहिरीत उतरले, आणि पाण्यात क्लोरीन मिसळण्याच्या कामी हयगय झालेली असल्यामुळे ते तसेच घरोघर पोहोचले. २३०० हून अधिक माणसे आजारी पडली व सात दगावली. पुढे चौकशी झाली, तेव्हा त्या शेतकऱ्याने रीतीप्रमाणेच खत घातले होते असे आढळून आले, व त्याच्याकडे दोष दिला गेला नाही. या हकिगतीतील हीच गोष्ट मला सर्वांत विचार करावयास लावणारी वाटते.

जंतू पाणी उकळल्याने मरतात. परंतु दुसरा एक शत्रू उकळूनही जात नाही. शेणमूत्रातील नत्राचे जमिनीतील सूक्ष्म जीवांच्या क्रियेने नायट्रेट बनते. ते पाण्यात विरघळते आणि मातीला चिकटून राहत नाही, म्हणून पाण्याबरोबर थेट विहिरीपर्यंत जाते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाचे दूध अशा पाण्यात कालविले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊन मूल निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी या विकाराचा संबंध दाखवून दिला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. पाणी आटवीत गेल्यास नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते.

यावर उपाय काय, हे शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. गोठ्याच्या जमिनीवर माती पसरून तीत मूत्र जिरवावयाचे. मग पालापाचोळा, शेण, ती मूत्रमाती व लाकडाची राख यांचे मिश्रण रचून ते ठराविक काळाने वरखाली करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. कुजताना ढिगाच्या पोटात इतकी उष्णता उत्पन्न होते की, रोगजंतूंचा मोठा भाग नष्ट होतो. खड्ड्यात पावसाचे पाणी साचते म्हणून पावसाळ्यात तेथे ढीग जमिनीवरच रचीत. आपल्या मुलखात हे ध्यानात घेणे अधिकच अगत्याचे. ढिगावर झावळ्यांचे वा पत्र्याचे छप्पर घालावे, आणि वरून येणारा लोंढा अडविण्यास भोवती बांध घालावा. गोबरगॅसच्या टाकीतून बाहेर पडणारा रबडाही असाच जपावा. गॅस निघून गेला म्हणजे तो निर्जंतुक झाला, ही समजूत चुकीची आहे.

उकिरड्याची जागा विहिरीपासून उताराच्या खालच्या अंगाला असावी. जांभ्याच्या जमिनीत ३० मीटरांचे अंतर मी तरी कमीत कमी समजतो. विहिरीला कठडा व सभोवती उताराचा सिमेंटचा ओटा हवा, आणि त्या ओट्यावर म्हशी धुऊ नयेत. जागा बदलण्याचे काम पावसाळ्याच्या तोंडावर, खत शेतावर नेताना उरकावे. त्या वेळी जुना ढीग उपसला जातच असतो. रिकाम्या झालेल्या खड्ड्यात माती लोटून दुसऱ्या दिवसाचे शेण नव्या जागी टाकावयाचे, एवढाच काय तो जास्तीचा खटाटोप.