गावात शूटिंग येतं तेव्हा: अनुदान त्यांचं, पक्कं बिल तुमचं



चित्रपटांच्या परवानग्या आणि सरकारी अनुदान हा विषय काढला की हमखास प्रश्न येतो, "ताई, आम्ही काही निर्माते नाही. आमचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या गल्ल्याशी आहे. शंभर-सव्वाशे माणसांचं युनिट गावात दहा-बारा दिवस उतरतं, तेव्हा त्यांना काय काय लागतं बघा. नाश्ता, दोन वेळचं जेवण, राहायला खोल्या, गाड्या, जनरेटर, मांडव, खुर्च्या, सुतार, रंगारी, पाण्याचे जार, कपड्यांना इस्त्री. हे सगळं मुंबईहून आणणं कुणालाच परवडत नाही. मग ते काम गावातल्या कुणाला मिळतं? आणि युनिट निघून गेल्यावर कुणाचे पैसे आलेले असतात, कुणाचे अडकलेले असतात?

याचं बरंचसं उत्तर अनुदानाच्या आणि कराच्या नियमांत आहे. आज तेच नियम छोट्या व्यावसायिकाच्या बाजूने समजून घेऊ.

आधी एक गैरसमज काढून टाकू

"सिनेमा टॅक्स फ्री झाला" हे आपण ऐकतो आणि वाटतं, सरकारने निर्मात्याला पैसे दिले. तसं नसतं. १ जुलै २०१७ पर्यंत राज्य सरकार तिकिटावर करमणूक कर घ्यायचं. त्या दिवसापासून जीएसटी आला. जीएसटीत निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. राज्य फक्त स्वतःचा वाटा सोडू शकतं. २०२० मध्ये आपल्याकडे 'तान्हाजी'ला अशीच राज्य जीएसटीची सवलत मिळाली होती.

शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. २०० रुपये मूळ दराच्या तिकिटावर ३६ रुपये कर झाला. राज्याने वाटा सोडला तर प्रेक्षकाचे १८ रुपये वाचतात. ही सवलत तिकीट घेणाऱ्यासाठी आहे. शूटिंगच्या खर्चाशी तिचा संबंध नाही.

शूटिंगशी संबंध आहे तो अनुदानाचा. ते वेगळं प्रकरण आहे.

अनुदान कसं मिळतं?

तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, आपलं महाराष्ट्राचं. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकार अर्थसाहाय्य देतं. 'अ' दर्जा मिळाला तर ४० लाख रुपये, 'ब' दर्जा मिळाला तर ३० लाख. चित्रपट पूर्ण झाल्यावर परीक्षण समिती तो बघते, मग दर्जा ठरतो. म्हणजे आधी खर्च, नंतर पैसे.

दुसरं, उत्तर प्रदेशचं. त्यांच्या २०१८ च्या धोरणात गणित दिवसांवर होतं. एकूण शूटिंगपैकी निम्मे दिवस राज्यात केले तर एक कोटीपर्यंत, दोन तृतीयांश दिवस केले तर दोन कोटींपर्यंत अनुदान.

तिसरं, केंद्राचं. परदेशी चित्रपटांनी भारतात येऊन शूटिंग करावं म्हणून २०२२ मध्ये योजना आली. सुरुवातीला भारतात केलेल्या पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत परतावा होता, कमाल मर्यादा दोन कोटी. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ४० टक्क्यांपर्यंत नेला आणि मर्यादा थेट ३० कोटी केली. याचं काम 'इंडिया सिने हब' या पोर्टलवरून चालतं.

सरकारं एवढी उदार का झाली? कारण शूटिंग कुठे करायचं हे कथेवर कमी आणि हिशोबावर जास्त ठरतं. 'गंगाजल' ही बिहारची गोष्ट, 'दबंग' उत्तर प्रदेशची. दोन्हींचं शूटिंग आपल्या वाई परिसरात झालं. मुंबईपासून जवळ, नदीचा घाट आहे, वाडे आहेत, लोकांना सवय आहे. आता उलटा प्रवासही सुरू झालाय. 'स्त्री'चं शूटिंग मध्य प्रदेशातल्या चंदेरीत झालं. 'पंचायत'ची गोष्ट उत्तर प्रदेशातल्या गावाची, पण कॅमेरा लागला मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडियात.

थोडक्यात, गावं एकमेकांशी स्पर्धा करतायत. त्यात तुमचं गाव टिकायचं असेल तर नुसता सुंदर डोंगर पुरत नाही. युनिटला तिथे व्यवस्थित, कागदोपत्री काम करता आलं पाहिजे.

यात तुमचं बिल कुठे येतं?

खर्चावर परतावा देणाऱ्या कुठल्याही योजनेत निर्मात्याला खर्च सिद्ध करावा लागतो. सीए तो तपासतो आणि प्रमाणपत्र देतो. आता तुम्ही जेवणाचे पाच लाख रोखीत घेतले आणि वहीच्या पानावर आकडा लिहून दिला, तर अशा योजनेत ते पाच लाख खर्च म्हणून धरलेच जाणार नाहीत. निर्मात्याचा परतावा तेवढ्याने कमी.

अनुदान नसलं तरी आयकर आहेच. एका दिवसात एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च साधारणपणे व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होत नाही. शिवाय वर्षभरात ज्याला ज्याला ५० हजारांपेक्षा जास्त दिले, त्याची माहिती निर्मात्याला आयकर खात्याला द्यावी लागते. २०२२ पासून ओटीटी आणि माहितीपटवालेही यात आले.

म्हणून मोठं, व्यवस्थित चालणारं युनिट कुणाला शोधत असतं? ज्याच्याकडे पॅन आहे, चालू खातं आहे, नंबर घातलेलं बिल आहे त्याला. शेजारचा ताटामागे वीस रुपये स्वस्त असला तरी बिलवाला त्यांना परवडतो. तुमची खरी ताकद ही आहे, दर पाडणं नाही.

परवानग्या: त्यांच्या कोणत्या, तुमच्या कोणत्या?

शूटिंगची मुख्य परवानगी काढणं हे निर्मात्याचं काम. महाराष्ट्रात त्यासाठी एक खिडकी योजना आहे. गोरेगावची चित्रनगरी सांभाळणारं महामंडळ ती चालवतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. रायगडासारखं केंद्र संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, स्टेशन असेल तर रेल्वेची, जंगल असेल तर वन विभागाची. रस्ता अडवायचा असेल तर पोलीस आलेच.

पण काही कागद तुमच्या बाजूचे आहेत:

- जेवण देणार असाल तर: एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना. हा नसेल तर पुढचं बोलणंच नको.
- ड्रोन चालवणार असाल तर: २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी आणि व्यावसायिक कामासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र. लग्नात उडवला म्हणजे शूटिंगला चालतो असं नाही.
- घर, वाडा, शेत भाड्याने देणार असाल तर: लेखी करार. त्यात तारखा, तास, वीज कुणाची, भिंतीला रंग दिला तर मूळ रंग कोण परत करणार आणि नुकसानीची अनामत किती, हे सगळं हवं. सातबारा किंवा मालमत्तेच्या कागदावर तीन भावांची नावं असतील, तर तिघांची संमती आधी घ्या.
- तुमच्या मुलाला सीनमध्ये घेणार असतील तर: चौदा वर्षांखालच्या मुलासाठी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. हौसेच्या भरात हे विसरू नका.

आता हिशोब मांडू

समजा, तुम्हाला १२० माणसांचं जेवण १२ दिवस द्यायचंय. नाश्ता, दोन जेवणं, चहा धरून माणशी रोज ३५० रुपये ठरले.

१२० × १२ × ३५० = ५,०४,००० रुपये.

आकडा छान दिसतो. आता आत शिरू.

किराणा, भाजी, गॅस, माणसं धरून तुमचा खर्च ७० टक्के धरला, तर तो झाला ३,५२,८०० रुपये. त्यांनी ३० टक्के अॅडव्हान्स दिला, म्हणजे १,५१,२०० रुपये. उरलेले २,०१,६०० रुपये तुमच्या खिशातून जाणार, आणि बाकीचं पेमेंट येईपर्यंत अडकून राहणार. एवढे पैसे तुम्ही किती दिवस अडकवू शकता? हा प्रश्न दर ठरवण्याआधी विचारा. जमत नसेल तर अॅडव्हान्स वाढवून मागा किंवा दर चार दिवसांनी बिल काढायची अट घाला. चार दिवसांचं बिल १,६८,००० रुपये होतं. ते वेळेवर आलं तर तुमचं चक्र फिरत राहतं.

टीडीएसला घाबरू नका. केटरिंग हे कंत्राटी काम धरलं जातं. तुम्ही एकटे मालक असाल तर १ टक्का, म्हणजे ५,०४० रुपये कापले जातील. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरताना हिशोबात धरले जातात, कर बसत नसेल तर परत मिळतात. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के, म्हणजे एक लाखाच्या वर कापले जातील. "बिल नको, टीडीएस वाचेल" असं कुणी म्हणालं तर हा हिशोब दाखवा. पाच हजार वाचवायला पाच लाखांचा पुरावा कुणी सोडतं का?

जीएसटीत एक गोष्ट दुकानदारांना फसवते. फक्त माल विकणाऱ्याला आपल्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे. पण त्याच पॅनवर तुम्ही केटरिंग किंवा गाडी भाड्याने देणं सुरू केलं, तर सेवा आली आणि मर्यादा २० लाखांवर आली. तीही दुकान आणि सेवा दोन्हींची उलाढाल मिळून! दुकानाची उलाढाल २८ लाख असेल तर हे पाच लाखांचं काम घेण्याआधी तुमच्या कर सल्लागाराशी बोला, नंतर नाही.

पैसे अडकू नयेत म्हणून

या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका ऐका. अनेकदा एका चित्रपटासाठी वेगळी कंपनी किंवा एलएलपी काढलेली असते. तुमच्याशी बोलतो प्रॉडक्शन मॅनेजर, तोही कामापुरता नेमलेला. शूटिंग संपलं, ट्रक भरले, माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. मग तुम्ही फोन कुणाला करणार?

म्हणून तीन गोष्टी:

१. बिल कुणाच्या नावाने, हे पहिल्या दिवशी विचारा. कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी नंबर लेखी घ्या. तो नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

२. उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सेवा दिली, तर कायद्याने पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवं, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि तक्रार करता येते. शिवाय तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. एक लक्षात ठेवा, हे संरक्षण सेवेला आणि उत्पादनाला आहे. दुकानातून नुसता माल खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही.

३. रोजची पोच घ्या. किती ताटं गेली, गाडी किती किलोमीटर फिरली, जनरेटर किती तास चालला, याची रोज संध्याकाळी सही घ्या. निदान व्हॉट्सअॅपवर "ओके" तरी. शेवटच्या दिवशी १२ दिवसांचा वाद घालण्यापेक्षा रोजचा दोन मिनिटांचा त्रास बरा.

या आठवड्याचं काम

एक फाईल तयार करा. त्यात पॅन, उद्यम प्रमाणपत्र, एफएसएसएआय किंवा तुमच्या धंद्याला लागणारा परवाना, चालू खात्याचा रद्द केलेला चेक, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, छापील दरपत्रक आणि आधी केलेल्या कामाचे चार फोटो. सगळ्याची एक पीडीएफ करून मोबाईलमध्ये ठेवा. युनिटचा माणूस लोकेशन बघायला येतो तेव्हा त्याच्याकडे वेळ नसतो. तुमचा शेजारी "उद्या बघून सांगतो" म्हणेल, तुम्ही तिथल्या तिथे फाईल पाठवाल. काम कुणाला मिळेल?

आणि गावात शूटिंग कधी आलंच नाही तर? फाईल वाया जात नाही. कंपनीचं कॅन्टीन असो, कॉलेजचा कार्यक्रम असो, सरकारी निविदा असो, सगळीकडे हेच कागद मागतात.

तुमचा व्यवसाय कोणता आणि यातला कोणता कागद अजून तुमच्याकडे नाही, ते कमेंटमध्ये लिहा. सगळ्यात जास्त ज्याची विचारणा होईल, त्यावर पुढचा व्हिडिओ करते.

भेटू पुढच्या भागात!