गणतीत आलेली माणसे

जावेद आबिदी यांचा जन्म १९६५ साली अलीगढ येथे झाला. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असल्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. अमेरिकेत वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले व अपंगांच्या हक्कांसाठी झटू लागले. त्यांना दया नको होती. कायदा हवा होता. १९९५ साली संसदेने तसा कायदा संमतही केला.

परंतु देशात अपंग किती, हे सांगणार कोण? १९९१ च्या जनगणनेत त्यांच्याविषयी प्रश्नच नव्हता. ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी शाळा किती काढाव्यात, पैसा किती ठेवावा, हे सरकारने तरी कसे ठरवावे? २००१ च्या जनगणनेतही हा प्रश्न नसणार, असे दिसताच आबिदींनी सहकाऱ्यांसह निदर्शने केली. अखेर तो प्रश्न घेण्यात आला. प्रगणक घरोघर गेले आणि २ कोटी १९ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. खरी संख्या याहून मोठीच असावी. अशा मुलाविषयी परक्यापाशी बोलण्यास कित्येक कुटुंबे संकोचतात. २०११ साली हा आकडा २ कोटी ६८ लाखांवर गेला.

४ मार्च २०१८ रोजी आबिदी निवर्तले.