कोन बोलून राह्यला रे हा?

लेखमाला : कानाआडची माणसं – भाग 6

मागच्या आठवड्यात आपण डबिंगच्या खोलीत जाऊन आलो. कानाला हेडफोन, समोर पडदा, पडद्यावर तोंड हलवणारं अस्वल आणि माइकपुढे उभा असलेला एक माणूस. प, ब, म ही अक्षरं आली की चित्रातले ओठही मिटलेच पाहिजेत, म्हणून भाषांतरकार शब्द कसे उलटेपालटे करून बसवतो, तेही पाहिलं. आजचा विषय त्या खोलीतला दिवा विझल्यानंतरचा आहे. कार्टूनला आवाज देणारा माणूस जातो तेव्हा नेमकं काय जातं, काय उरतं आणि आपण त्याचं काय करतो?

सुरुवात घरापासून करतो. 1993 सालची गोष्ट. अमरावतीला आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी एकच आवाज असायचा, दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’चा. मालिका मूळची जपानी, संवाद हिंदी. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची. आम्ही पोरं टीव्हीला नाक लावून बसायचो. आमचे आजोबा, आबाजी, मात्र पाठ करून पेपर वाचत बसत, चित्रं पाहणं हा पोरांचा धंदा म्हणत. एका रविवारी शेरखान बोलू लागला. आबाजींनी पेपर मांडीवर ठेवला, मान वळवली आणि विचारलं, “कोन बोलून राह्यला रे हा?”

आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन-तीन दिवसांनी तेच कुठूनतरी खबर घेऊन आले. “नाना पाटेकर हाये बाप्पा तो!” मग ते दर रविवारी शेरखानपुरते टीव्हीकडे तोंड करून बसू लागले. एकदा त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, “अन् तो काया बिबट कोन?” बघीराचं नाव सांगणारं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. सिनेमामुळे नानांचा आवाज ओळखीचा होता, म्हणून शेरखानला माणूस सापडला. बघीरा, बल्लू आणि खुद्द मोगली आमच्यासाठी बिनमाणसाचेच राहिले.

आबाजींच्या त्या प्रश्नात आजचा सगळा लेख आहे. कारण शोक करायला आधी नाव लागतं.

अमीन सायानी 20 फेब्रुवारी 2024 ला गेले, तेव्हा अकोल्याच्या चहाच्या टपरीवरसुद्धा हळहळ होती. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तिथे असणं कठीणच. पण रेडिओवरचा माणूस स्वतःचं नाव सांगतो, ऐकणाऱ्याला हाक मारतो, आठवड्याला भेटतो. त्याची ओळख आवाजातूनच होते. कार्टूनच्या कलावंताचं काम नेमकं उलटं असतं. स्वतःला पुसून टाकता आलं, तरच त्याचं काम साधलं. ऐकणाऱ्याला ‘हा अमुक माणूस बोलतोय’ असं वाटण्याआधी ‘हा बघीरा बोलतोय’ असं वाटलं पाहिजे. ‘बोलविता धनी वेगळाच’ असं आपण सहज म्हणतो. इथे तो धनी जितका चांगला, तितका जास्त लपलेला. त्यात डब केलेल्या कार्यक्रमाच्या शेवटी बहुतेकदा मूळ भाषेतल्या कलावंतांची नावं सरकतात, आणि हिंदी बोलणाऱ्यांची नावं येण्याआधीच जाहिरात सुरू होते.

वऱ्हाडात या आवाजांचं वजन थोडं जास्तच आहे. अमरावती-अकोल्याच्या पोरांना हिंदी परकी नाही, ती बाजारात, शाळेच्या मैदानावर, शेजाऱ्याच्या अंगणात ऐकू येते. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत हिंदीत बोललेलं कार्टून आमच्याकडे अनुवादाचं ओझं न घेता थेट घरात आलं. रोज संध्याकाळी, जेवणाच्या ताटापुढे, वर्षानुवर्षं. मामा-काका सुट्टीपुरते भेटायचे, पण हे आवाज रोजचे होते. त्यातला एखादा कायमचा बंद होतो तेव्हा पोटात जे तुटतं, त्याला लहान मुलाचं खूळ म्हणून झटकू नये. ते खरं दुःख आहे.

आता या कलेतल्या काही मृत्यूंकडे पाहू.

2016 साली ‘द जंगल बुक’ नव्या रूपात आला. मोगली खराखुरा मुलगा, बाकी सगळे प्राणी संगणकावर घडवलेले. भारतात तो 8 एप्रिलला लागला, अमेरिकेच्याही आठवडाभर आधी. अकोल्याचं एप्रिलमधलं ऊन अकोलेकरांना सांगायला नको. मी भरदुपारी, निम्मा गारव्यासाठी आणि निम्मा शेरखानसाठी, टॉकीजमध्ये शिरलो. हिंदीत शेरखान पुन्हा नाना पाटेकरच होते. बघीरा होते ओम पुरी आणि बल्लू होता इरफान खान.

ओम पुरींचा आवाज गुळगुळीत नव्हता. त्याला वाळूचा खरखरीतपणा होता आणि खाली दाबून ठेवलेली माया होती. या सिनेमात गोष्ट सांगतो तो बघीराच. त्यामुळे अंधारात आपला हात धरून जंगलात नेणारा आवाज त्यांचा आहे. पडद्यावरचा मोगली पळताना चुकतो आणि बघीरा त्याला समजावतो, तेव्हा रागावलेल्या आणि काळजीत पडलेल्या बापाचे दोन्ही सूर एकाच श्वासात येतात. हा माणूस हरियाणातल्या अंबाल्याचा, पण त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांतला एक आपल्या मराठीतला, 1976 चा ‘घाशीराम कोतवाल’. ‘जंगल बुक’ लागल्यानंतर नऊ महिन्यांनी, 6 जानेवारी 2017 ला ते गेले.

इरफानने बल्लूच्या बोलण्यात पंजाबी लहेजा मिसळला. मधासाठी मोगलीला कामाला लावणारं, आळशी, लबाड आणि आतून सोन्यासारखं ते अस्वल त्या लहेज्यामुळे एकदम शेजारचं होऊन गेलं. 29 एप्रिल 2020 ला इरफान गेला तेव्हा टाळेबंदी होती. वर्सोव्याच्या कब्रस्तानात त्याला निरोप द्यायला मोजकीच माणसं जाऊ शकली. त्या रात्री अनेकांनी त्याचे सिनेमे पाहिले. मी डोळे मिटून बल्लू ऐकला. चेहरा नसताना हा माणूस फक्त आवाजाच्या चढउतारावर किती हसवतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

अमरीश पुरींचं उदाहरण तर आमच्या मातीला जाऊन भिडतं. भारत आणि जपानने मिळून केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा अ‍ॅनिमेशनपट जानेवारी 1993 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन हे त्याचे दिग्दर्शक. पुढे तो टीव्हीवरून घराघरांत पोचला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राम अरुण गोविल यांचा आणि रावण अमरीश पुरींचा. आमच्या अकोला जिल्ह्यात सांगोळा नावाचं गाव आहे. तिथे रावणाची दगडी मूर्ती आहे, दहा तोंडांची, आणि दसऱ्याला जग रावण जाळत असताना सांगोळ्यात त्याची पूजा होते. त्या मूर्तीपुढे उभं राहिल्यावर माझ्या कानात पुरींचा आवाज वाजतो. त्या आवाजात नुसता दुष्टपणा नव्हता, विद्वानाचा ताठा होता, पराक्रमाची मस्ती होती. रावण लहान करून दाखवला तर रामही लहान होतो, हे त्या कलावंताला पक्कं ठाऊक होतं. 12 जानेवारी 2005 ला ते गेले. चित्रातला रावण मात्र त्याच गळ्याने गरजत राहिला.

परदेशात या कलेची परंपरा जुनी, त्यामुळे तिथे शोकाचीही रीत बसलेली आहे. बग्ज बनीचा आवाज असलेले मेल ब्लँक यांची हकीकत प्रत्येक आवाज-कलावंताला तोंडपाठ असते. जानेवारी 1961 मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. डॉक्टर नावाने हाका मारत, उत्तर नाही. शेवटी एका डॉक्टरने मेल ब्लँकला सोडून बग्ज बनीलाच विचारलं, आज कसं वाटतंय? आणि त्या निपचित देहातून सशाच्या आवाजात उत्तर आलं. माणूस हरवला होता आणि त्याच्या पात्राने त्याला हाताला धरून परत आणलं. ते पुढे 1989 पर्यंत जगले.

डोनाल्ड डकचे क्लॅरेन्स नॅश 1985 मध्ये गेले. त्यांनी स्वतः शिकवून तयार केलेले टोनी अँसेल्मो यांच्याकडे तो आवाज गेला. आपल्याकडे गोंधळ्याचा संबळ बापाकडून लेकाकडे जातो, तसंच हे. मिकीचा आवाज वेन ऑलवाइन आणि मिनीचा आवाज रसी टेलर हे तर खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते. ऑलवाइन 2009 मध्ये गेले. त्यांच्या माघारी ती दहा वर्षं मिनी बोलत राहिली, समोरचा मिकी आता दुसऱ्याच्या गळ्यातून बोलत असताना. 2019 मध्ये तीही गेली. त्या दहा वर्षांत रोज माइकपुढे उभं राहताना त्या बाईच्या मनात काय होत असेल, याचा विचार आला की गळा दाटतो.

आणि डोरेमॉन. जपानीत तो आवाज 1979 ते 2005 अशी 26 वर्षं नोबुयो ओयामा या बाईंचा होता. 29 सप्टेंबर 2024 ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. आपल्या पोरांनी ऐकलेला हिंदी डोरेमॉन सोनल कौशल यांचा, म्हणजे तोही बाईचाच. कार्टूनमधल्या मुलांचे आवाज बहुधा बाया देतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज चार-दोन वर्षांत फुटतो आणि पात्राचं वय मात्र तेच राहतं. बाईचा आवाज ते वय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत बहुधा आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रकार त्याबरहुकूम तोंड, भुवया, हात काढतो. ‘अलादीन’मधल्या जिनीसाठी रॉबिन विल्यम्स यांनी माइकपुढे जे भरमसाट उत्स्फूर्त बोलून ठेवलं, त्यावर चित्रकारांनी जिनी नाचवला. 2014 मध्ये ते गेले, पण त्यांचा श्वास जिनीच्या रेषेत मुरलेला आहे. आपल्या डबिंगवाल्याला हे भाग्य नसतं. त्याच्यापुढे चित्र तयार होऊन येतं, मोजमाप दुसऱ्याचं असतं. बेतलेल्या अंगरख्यात शिरून तो आपलाच वाटायला लावायचा, हे काम कमी प्रतीचं नाही. उलट जास्त अवघड आहे.

आता तर यंत्रही आवाजाची नक्कल करू लागलं आहे. आवाजाचे सम्राट जेम्स अर्ल जोन्स, म्हणजे ‘लायन किंग’चे मुफासा, 9 सप्टेंबर 2024 ला गेले. त्यांनी डार्थ व्हेडरचा आपला आवाज यंत्राने घडवायला हयातीतच परवानगी दिली होती. आपल्याकडे गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये त्यांना संरक्षण दिलं. दोन्हींचा अर्थ एकच, आवाज ही माणसाची मालमत्ता आहे आणि तिला हात लावण्याआधी त्याला विचारलं पाहिजे. पण ज्याचं नावच कुठे नोंदलेलं नाही, त्या डबिंग कलावंताला विचारणार कोण? नाव नोंदणं म्हणूनच नुसत्या कौतुकाचा भाग उरत नाही. तो हक्काचाही प्रश्न आहे.

आवाज जपणं आणि आवाजासाठी रडणं, या दोन्ही गोष्टी वऱ्हाडाला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. गाडगेबाबांचं वांद्र्याचं 8 नोव्हेंबर 1956 चं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. दीड महिन्याच्या आत बाबा गेले, पण तो आवाज आजही लोकांच्या फोनमध्ये आहे. आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, ज्यांचा आवाज आणि खंजिरी हेच वऱ्हाडाचं वैभव, ते 11 ऑक्टोबर 1968 ला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला लाखो माणसं जमतात आणि नेमक्या त्या मिनिटाला मौन पाळतात. आवाजाला श्रद्धांजली म्हणून शांतता! एवढ्या गर्दीत पानाचीही सळसळ ऐकू यावी अशी ती शांतता मी एकदा अनुभवली आहे. जो आवाज आता नाही, तो त्या शांततेत सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो.

संताची आणि कार्टूनच्या कलावंताची बरोबरी मला करायची नाही. पण रीत उचलायला काय हरकत आहे? आवडत्या आवाजाचा माणूस गेला, की त्याचा एक प्रसंग लावावा, डोळे मिटून ऐकावा, मग क्षणभर गप्प बसावं. आणि घरातल्या पोराला त्याचं नाव सांगावं. हे जे हयात आहेत त्यांच्यासाठी आजच करावं. मरणानंतर नाव शोधण्यापेक्षा जिवंतपणी ते उच्चारलेलं बरं.

मागच्या महिन्यात अकोल्याला बहिणीकडे होतो. सात वर्षांचा भाचा फोनवर ‘जंगल बुक’ पाहत होता. मी म्हटलं, डोळे मिटून ऐक बरं. त्याने खरंच मिटले. थोडा वेळ ऐकलं आणि तसेच मिटलेल्या डोळ्यांनी विचारलं, “मामाजी, हा बघीरा कोन बोलून राह्यला?”

आबाजींचा प्रश्न, तोच सूर, तीस वर्षांनी. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. “ओम पुरी,” मी म्हणालो. “आता नाहीत ते.”

त्याने डोळे उघडले, पडद्यावरच्या काळ्या बिबट्याकडे पाहिलं, आणि ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं.

(पुढच्या आठवड्यात : परदेशी कार्टूनची हिंदी लिहितो कोण? डबिंगच्या संवादलेखकांची गोष्ट.)