मामलेदार कचेरी आणि कोर्ट: कोणाचा निकाल कुठे चालतो

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत बांधावरून किंवा वाटेवरून तंटा झाला की माणूस सरळ तहसील कचेरी गाठतो. तहसीलदार हाही न्यायाधीशच आणि तो म्हणेल तसं जमिनीचं नाव लागणार, असा समज घट्ट बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्या अर्ध्यापायी लोकांची वर्षं वाया जातात.

अरबीतून आलेल्या 'तहसील' शब्दाचा अर्थ वसुली. पेशवाईतला मामलतदार वसुली, बंदोबस्त आणि निवाडा ही तिन्ही कामं पाहायचा. पुढे इंग्रजांनी निवाड्याचं बहुतेक काम न्यायालयांकडे नेलं. काही मात्र मामलेदाराकडेच, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडेच, राहिलं, त्यासाठी 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. शेताची वहिवाटीची वाट अडवली, पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ बांध घालून थांबवला, बेकायदा ताबा काढून घेतला, तर या कायद्याखाली तहसीलदार खरोखर न्यायालय म्हणून बसतो. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. 'बघू, गावात मिटेल' म्हणत पुढचा पावसाळा उजाडला की हा दरवाजा बंद होतो. शिवाय या निकालाने मालकी ठरत नाही. ती दिवाणी न्यायालय ठरवतं.

म्हणून 'सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मालक मीच' हेही पुरतं बरोबर नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकंच. फेरफाराच्या निर्णयाविरुद्ध अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, 60 दिवसांत. शहापूरकरांना त्यासाठी भिवंडीला जावं लागतं, मुरबाडकरांना कल्याणला.

मग प्रत्येक जमिनीचा वाद दिवाणी न्यायालयाचाच का? नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कुळाचा प्रश्न 1948 च्या कूळकायद्यात येतो. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. पुढे त्याच कायद्याच्या कलम 32-ग खाली किंमत ठरते, ती भरली की 32-म चं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते खरेदीचा निर्णायक पुरावा असतं. हे काम शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून तहसीलदार करतो. दिवाणी दाव्यात 'हा कूळ आहे की नाही' असा प्रश्न निघाला, तर न्यायाधीशही तो स्वतः ठरवत नाहीत, तहसीलदाराकडे पाठवतात. म्हणून ज्याच्या घरात 32-म चा कागद आहे, त्याने तो जिवापाड जपावा.

तंटा मारामारीवर गेला, की तो फौजदारीत जातो. 'फौजदारी' शब्दावरून पोलीस ठाणं आठवतं, पण फौजदारी न्यायालय पोलिसांच्या हाताखाली नसतं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही ठिकाणी दिवाणी व फौजदारी न्यायालय आहे. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारीही असतो. तो शांततेसाठी जामीनपत्र घेऊ शकतो, चोरी-मारामारीचा खटला चालवून शिक्षा देऊ शकत नाही.

जमिनीबाबत आणखी एक गोष्ट. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि हे बंधन या क्षेत्राबाहेरच्या आदिवासी खातेदारालाही आहे. स्टॅम्पपेपरवर अंगठे घेतले, नोटरी केली, गावच्या तंटामुक्ती समितीने सह्या केल्या, तरी त्या परवानगीची जागा यातलं काहीच घेत नाही.