ब्रूस बोवेन: पायांनी केलेला बचाव

बास्केटबॉलच्या गुणपत्रकात बचाव जवळजवळ दिसतच नाही आणि ब्रूस बोवेनच्या कारकिर्दीकडे लक्ष जाते ते नेमके याच कारणाने. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये 1997 ते 2009 या काळात तो 873 सामने खेळला आणि सामन्यामागे त्याची सरासरी अवघी 6.1 गुणांची राहिली. तरीही आठ हंगामांत लीगने निवडलेल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दोन संघांपैकी एकात त्याचे नाव होते, आणि 2004 ते 2008 अशी सलग पाच वर्षे तर ते पहिल्या संघात होते. कबड्डीत पकड यशस्वी झाली की फलकावर गुण लागतो आणि तो कोणी मिळवला हेही सर्वांना दिसते. बास्केटबॉलमध्ये चेंडू हिसकावून घेणे (स्टील) आणि समोरच्याचा शॉट हवेतच अडवणे (ब्लॉक) या दोनच गोष्टी प्रामुख्याने बचावाच्या नावावर मोजल्या जात असत, आणि या दोन्ही रकान्यांतले बोवेनचे आकडे बेताचेच आहेत. समोरचा गडी वैतागला, त्याने चेंडू सहकाऱ्याकडे देऊन टाकला किंवा नेहमीच्या जागेपेक्षा दोन पावले मागून घाईने शॉट घेतला, तर त्याची नोंद 6.1 या आकड्यात कोठेच सापडत नाही.

कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे 1971 मध्ये जन्मलेला आणि फ्रेस्नो शहरात वाढलेला बोवेन फुलर्टन येथील कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाकडून खेळत असताना गुण मिळवणारा खेळाडू म्हणूनच ओळखला जात होता. 1993 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवोदितांची पाळीपाळीने निवड करतात त्या प्रक्रियेत, त्याला कोणीही घेतले नाही. पुढची चार वर्षे फ्रान्समधील ल हाव्र, एव्ह्रो आणि बेझाँसों या गावांच्या संघांत आणि मधूनमधून अमेरिकेतील दुय्यम लीगच्या रॉकफर्ड लाइटनिंग या संघात गेली. मार्च 1997 मध्ये मायामी हीटने त्याला बोलावले, एका सामन्यात एक मिनिट खेळवले आणि त्या एका मिनिटात त्याने एक ब्लॉक केला; त्या हंगामातली त्याची एनबीएमधील कमाई एवढीच. त्यानंतर बॉस्टन, मग फिलाडेल्फिया, मग 2000 च्या फेब्रुवारीत तीन संघांमधील एका अदलाबदलीत शिकागो, तेथे एकही सामना न खेळता मुक्तता, आणि पुन्हा मायामी. 2001 मध्ये तो सॅन अँटोनियो स्पर्समध्ये दाखल झाला तेव्हा तिशी गाठलेल्या या खेळाडूला गुणांसाठी कोणीही घेतलेले नव्हते, आणि हे त्याला स्वतःला पुरते उमगलेले होते, हीच त्याची खरी मिळकत म्हणावी लागेल.

स्पर्सच्या त्या काळातील सामन्यांची चित्रणे चेंडूकडे दुर्लक्ष करून, केवळ बोवेनच्या पायांवर नजर ठेवून पाहिली, तर हे काम काय होते ते कळू लागते. सुमारे 2 मीटर उंचीचा हा माणूस गुडघ्यांत इतका वाकून उभा राहतो की त्याची उंची लक्षातही येत नाही. एक पाय किंचित पुढे असतो, एक हात समोरच्याच्या डोळ्यांपुढे असतो, आणि सरकताना एक पाय दुसऱ्यावरून टाकला जात नाही, कारण पाय एकमेकांत अडकले की निसटलेला गडी पुन्हा हाती लागत नाही. चेंडू मिळण्याआधीच तो समोरच्याच्या आणि पास देणाऱ्याच्या मध्ये घुसलेला असतो, त्यामुळे लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटसारख्या अव्वल खेळाडूलाही चेंडू घेण्यासाठी बास्केटपासून दूर यावे लागते. शॉट घेण्यासाठी संघाला मिळणाऱ्या 24 सेकंदांपैकी काही सेकंद असे चेंडू हाती येण्याआधीच खर्ची पडतात. 'स्क्रीन', म्हणजे बचावपटूची वाट अडवण्यासाठी दुसऱ्या गड्याने भिंतीसारखे उभे राहणे, आडवा आला की खांदा तिरका करून तो फटीतून निघतो, आणि पुढे निसटू पाहणाऱ्याला अशा बाजूला ढकलत नेतो की जिथे बास्केटजवळ पहारा देणाऱ्या उंच सहकाऱ्याचे, टिम डंकनचे, लांब हात वाट पाहत असतात. बोवेनचा बचाव एकट्याचा नव्हता, हे स्तुतीच्या भरात विसरले जाते. पाठीशी डंकन नसता तर त्याला समोरच्याच्या इतक्या अंगाशी भिडून उभे राहणे परवडले नसते.

2004-05 च्या हंगामापासून लीगने बास्केटपासून दूर असलेल्या खेळाडूला हात लावून रोखण्यावरील बंदी कडक केली. हातावर विसंबून असणारे अनेक बचावपटू त्यानंतर फिके पडले, पण बोवेनचे स्थान हलले नाही. 2007 च्या अंतिम मालिकेत स्पर्सने क्लीव्हलँडला 4-0 असे नमवले, त्यात प्रामुख्याने बोवेनच्या पहाऱ्यात असलेल्या क्लीव्हलँडच्या प्रमुख खेळाडूचे, लेब्रॉन जेम्सचे, मैदानी शॉट जेमतेम 35.6 टक्के साधले, आणि तोवर बोवेनने वयाची छत्तिशी गाठली होती.

अशा खेळाडूला संघात ठेवण्याची किंमत आक्रमणाच्या वेळी मोजावी लागते, कारण ज्याच्यापासून धोका नाही त्याला मोकळे सोडून प्रतिस्पर्धी दुसऱ्यावर दोन गडी घालू शकतात. बोवेनने यावर काढलेला तोडगा फार चिकाटीचा आणि काहीसा विक्षिप्त आहे. तीन गुणांची रेषा कमानीवर बास्केटपासून 23 फूट 9 इंच दूर असते, पण कोपऱ्यांत ती 22 फुटांवर येते आणि तिच्या व बाजूरेषेच्या मध्ये जेमतेम 3 फुटांची पट्टी उरते. बोवेनने ती पट्टी आपली केली, आणि डंकनभोवती गर्दी झाली की चेंडू तिथे त्याच्याकडे येई. 2002-03 च्या हंगामात त्याने तीन गुणांचे 44.1 टक्के शॉट साधले, जे त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक प्रमाण होते. त्याच हंगामात फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर 15 फुटांवरून कोणाच्याही अडथळ्याविना मिळणारे शॉट, त्याने 40.4 टक्केच साधले. सोप्या शॉटपेक्षा अवघड शॉट अधिक अचूक, हा उलटा हिशेब नैसर्गिक नेमबाजाच्या बाबतीत संभवत नाही. एकाच जागेवरून, एकाच लयीत, पाय आधीच रोवून घेतलेला शॉट त्याने घोटून घोटून कमावला होता आणि त्या जागेबाहेर तो 6.1 गुणांचाच खेळाडू होता. पुढे 'थ्री अँड डी', म्हणजे तीन गुणांचे शॉट आणि बचाव एवढ्यासाठीच घेतलेला खेळाडू, ही संघबांधणीतील एक रीतसर जागा झाली आणि तिला मोठे मोलही आले. तिचा नमुना म्हणून बोवेनचेच नाव घेतले जाते.

एवढ्या कौतुकानंतरही त्याच पायांकडे परत यावे लागते. मदतीसाठी आत गेलेला बचावपटू बाहेर उभ्या नेमबाजाकडे धावत परततो, त्याला 'क्लोज-आउट' म्हणतात. नेमबाज उडी मारतो, चेंडू सोडतो आणि खाली येतो. त्या क्षणी बचावपटूचा पाय त्याच्या उतरण्याच्या जागेत असेल तर घोटा मुरगळणे जवळजवळ ठरलेले. बोवेनचा पाय तिथे वारंवार सापडे, आणि तो मुद्दाम टाकला जातो असा आरोप अनेक नेमबाजांनी उघडपणे केला. आपण जिंकण्यासाठी जीव तोडून खेळतो, कोणाला इजा करण्याचा हेतू नसतो, अशी त्याची भूमिका राहिली. हेतू कोणाला सिद्ध करता येत नाही हे खरे. पण पावला-पावलाचे भान असलेल्या माणसाचा पाय नेमका तिथेच चुकून पडत राहावा, हे पटणे कठीण आहे. इतर प्रसंगही आहेतच. 2002 मध्ये वॉली झेर्बियाकच्या चेहऱ्यावर लाथ बसली, 2006 मध्ये रे ॲलनला मारलेल्या लाथेबद्दल 10,000 डॉलरचा दंड झाला, 2007 मध्ये फिनिक्सविरुद्ध स्टीव्ह नॅशला त्याचा गुडघा लागला. मार्च 2008 मध्ये ख्रिस पॉल जमिनीवर पडलेला असताना त्याला पाय मारल्याबद्दल लीगने बोवेनवर एका सामन्याची बंदी घातली, आणि त्या बंदीने त्याची सलग 500 सामन्यांत सुरुवातीपासून खेळण्याची मालिका संपली. सहा वर्षे दुखापतीने किंवा थकव्याने जी खंडित झाली नव्हती, ती शिस्तभंगाने झाली.

2003, 2005 आणि 2007 ची तीन विजेतेपदे मिळवून दिल्यावर 2009 च्या उन्हाळ्यात स्पर्सने त्याला रिचर्ड जेफरसनच्या बदल्यात इतर दोघांसोबत मिलवॉकीकडे पाठवले, मिलवॉकीने त्याला मुक्त केले आणि त्याने निवृत्ती पत्करली. मार्च 2012 मध्ये स्पर्सने त्याचा 12 क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला, सरासरी 6.1 गुणांच्या खेळाडूला असा मान क्वचितच मिळतो.

उतरणाऱ्या नेमबाजाखाली येणाऱ्या पायाचा वाद मात्र त्याच्या निवृत्तीनंतरही संपला नाही. मे 2017 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सामन्यात स्पर्सची मोठी आघाडी असताना वॉरियर्सच्या झाझा पाचुलियाचा पाय शॉट घेऊन उतरणाऱ्या स्पर्सच्या काव्हाय लेनर्डच्या खाली आला, लेनर्ड मैदानाबाहेर गेला आणि स्पर्सने तो सामना गमावला. स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी पाचुलियावर जाहीरपणे आग पाखडली, आणि लगेचच अनेकांनी त्यांना त्यांच्याच जुन्या शिष्याची, बोवेनची, आठवण करून दिली. हा टोला वर्मी लागणारा होता, कारण बोवेनला वर्षानुवर्षे मैदानात उतरवणारे आणि त्याची पाठराखण करणारे पोपोविचच होते. हवेतल्या खेळाडूला उतरायला जागा मिळाली पाहिजे हे तत्त्व काही नवे नव्हते; त्याच्या भंगाची शिक्षा मात्र साध्या फाउलपुरतीच असे. 2017-18 च्या हंगामापासून पंचांना असा प्रसंग चित्रणात पुन्हा पाहून तो 'फ्लॅग्रंट', म्हणजे अनावश्यक धसमुसळेपणाचा फाउल ठरवण्याची मुभा मिळाली. त्यात फ्री थ्रो तर मिळतातच, शिवाय चेंडूही त्याच संघाकडे राहतो.